बाईंनी पोकलेन पसंत केलं

रस्त्याच्या कडेला जेसीबी खणायला लागला की आपल्याकडं माणसं जमतात. कामधंदा सोडून, हाताची घडी घालून, तोंड अर्धवट उघडं ठेवून नुसती उभी राहतात. त्यात नवल काही नाही. पण त्या घोळक्यात सगळ्यात पुढं, अगदी खड्ड्याच्या काठाला, सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि हातात मिटलेली छत्री अशी एक बाई उभी असली तर? गावातली पोरं म्हणायची, खड्डा राहू दे, आधी ती बाई बघ.

त्या आमच्या बाई. कळंबजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी नोकरीला होतो. मी मराठी शिकवायची आणि त्या गणित. तशा शाळेत आम्ही बाया पुष्कळ होतो, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. आमचे मुख्याध्यापकसुद्धा त्यांना बाईच म्हणायचे आणि जरा घाबरूनच म्हणायचे.

घाबरायचं कारण होतं. बाईंच्या तोंडात एक शब्द कायम तयार असायचा, ‘कशावरून?’ पोरानं फळ्यावर उत्तर बरोबर लिहिलं तरी त्या विचारायच्या, “कशावरून?” पोरगं गोंधळून बरोबर उत्तर पुसून टाकायचं, मग त्याबद्दल वेगळी बोलणी खायचं. बाजारात कलिंगडवाला म्हणाला, “बाई, साखरेसारखं गोड हाय,” की “कशावरून?” बिचारा चिडून एक कलिंगड कापायचा, मग दुसरं कापायचा, आणि बाई तिसरंच घेऊन यायच्या. एकदा वरचे साहेब तपासणीला आले. चहा पिता पिता खूश होऊन म्हणाले, ही शाळा लवकरच तालुक्यात नाव काढणार. कोपऱ्यातून आवाज आला, “कशावरून?” साहेबांना असा ठसका लागला की शिपायानं पाठीत गुद्दे घातले.

जेवायच्या त्या उभ्यानं. भाकरीत ठेचा घालून गुंडाळी करायची आणि खिडकीपाशी उभं राहून खायची. “बसून जेवलं की पाचव्या तासाला झोप येते,” म्हणायच्या. चहा घ्यायच्या अर्धाच. अर्धा का, ते मी कितीदा विचारलं, कधी सांगितलं नाही. कुणाच्या हळदीकुंकवाला त्या फिरकायच्या नाहीत, पण माझ्या घरी गच्चीवर पाण्याची टाकी चढवायची होती त्या दिवशी मात्र न बोलावता हजर. दोर कुठं बांधायचा यावरून प्लंबरशी भांडल्या आणि टाकी चढली तशा चहा न घेता निघून गेल्या.

आता मला नसत्या चौकशीची खोड आहे, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या सासूबाई म्हणतात, हिला शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजायच्या असतात. त्यामुळं बाई आणि मी एका शाळेत आल्यावर मला दुसरा उद्योगच उरला नाही. बाईंचं लग्न का झालं नाही, त्या बूट का घालतात, या प्रश्नांची उत्तरं मी माझ्यापुरती लावून टाकली होती. पण एक कोडं सुटत नव्हतं. गणिताच्या बाईला जेसीबीत काय एवढं बघायचं असतं? एके दिवशी मधल्या सुट्टीत मी सरळ विचारलं.

“जमीन साफ करायची आहे,” बाई म्हणाल्या. “यंदा निवृत्त झाले की हुलगे पेरणार.”

हुलगे! मला हसूच आलं. लोक निवृत्त झाल्यावर काशीला जातात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. बाईंना हुलगे पेरायचे होते.

मग हळूहळू, एकेक दाणा निवडल्यासारखी, मी त्यांच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. पिंपरी पेंढारच्या पुढं एका वाडीला बाईंचं माहेर. त्यांचं घर त्या भागात धम्माची दीक्षा घेतलेल्या पहिल्या घरांतलं. आजोबांच्या वाट्याला ओढ्याकाठचा एक तुकडा आला होता. वडलांनी तो जमेल तसा कसला आणि ते गेल्यावर तो पडला तो पडलाच. आता त्यात सगळी वेडी बाभूळ माजलेली, खाली घाणेरी आणि त्यात दगड. बाईंचा भाऊही राहिला नव्हता. जमीन बाईंच्या आणि भाच्याच्या नावावर होती. भाचा चाकणला कंपनीत. त्याला ती विकायची होती आणि त्यात त्याची काही चूक आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. काट्यांचं रान ठेवून करायचं काय? गिऱ्हाईक मात्र एकच होतं, ते म्हणजे शेजारचे तात्या. कारण त्या जमिनीला जायला रस्ता नव्हता. तात्यांच्या शेतातल्या बांधावरून जावं लागायचं. जिथं बैलगाडी जात नाही अशी जमीन दुसरं कोण घेणार? आणि तात्या देणार तो भाव तरी काय असणार?

शेवटी आत्या-भाच्यात असं ठरलं की येत्या पावसाच्या आत जमीन साफ झाली आणि त्या पावसावर पेरा झाला, तर विकायचं नाव काढायचं नाही. नाही झालं, तर बाईंनी मुकाट्यानं सही करायची. म्हणून बाई मशीन शोधत होत्या. आणि त्यांना ने-आण करायला कुणीतरी पाहिजे होतं. माझ्याकडं स्कूटी होती.

लोक मशीन कसं ठरवतात? कुणाच्या तरी मेव्हण्याचं असतं, त्याला फोन लावायचा, तासाचा भाव विचारायचा, सकाळी नारळ फोडायचा. बाईंची पद्धत निराळी. मुलगी बघायला जावं तशा त्या मशीन बघायला जायच्या. दर रविवारी आम्ही निघायचो. बाई मागं एका अंगाला बसणार, आणि त्यांची छत्री अशी आडवी बाहेर आलेली की सायकलवाले लांबूनच रस्त्याच्या खाली उतरायचे. पण मशीनपाशी पोचलो की त्या मशीनकडं बघायच्याच नाहीत. मालकाला विचारायच्या, “मागच्या वर्षी हे कुणाच्या शेतात लावलं होतं?”

“त्ये कशाला पायजे, बाई? मशीन हितं हाय.”

“मशीन दिसतंय. ते गेल्यावर मागं काय राहतं ते बघायचंय.”

अवसरी बुद्रुकला एका शेतकऱ्यानं चेनचा डोझर लावून माळ सपाट केला होता. भला माणूस. आम्हाला मोठ्या कौतुकानं शेत दाखवायला नेलं. काय सपाट होतं म्हणून सांगू! क्रिकेटची मॅच भरवावी असं. त्यात मका होता, तो माझ्या घोट्याच्या वर काही आलेला नव्हता.

बाईंनी वाकून चिमूटभर माती घेतली. माती कसली, मुरूमच. “इथली वरची काळी माती कुठं गेली हो?”

“ती गेली की खाली. डोझरनं समदं वरखाली केलं ना.”

“माती खाली आणि मका वर?”

 तो माणूस मोठ्यानं हसला. म्हणाला, “बाई, आदी यायचं व्हतं राव तुमी!” आणि आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. बाईंनी अर्धाच प्यायला.

डोझर असा बाद झाला. जेसीबी कळंबच्या एका ऑपरेटरनं स्वतःच बाद केला. वेड्या बाभळीचं नाव काढल्याबरोबर त्यानं कानाला हात लावले. “न्हाई बाई. आमचं टायरवालं मशीन. बाभळीच्या काट्यात टायर घातला की दिवसभर पंक्चरच काढीत बसायचं. तुमी चेनवालं पोकलेन बघा.” बाईंना त्याचं लई कौतुक वाटलं. धंदा सोडून खरं बोलला म्हणून त्याला पर्समधले शेंगदाणे काढून दिले. तो ते हातात घेऊन बघतच राहिला.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकायची. माणसाशी बोलणं संपलं की बाई मशीनला वळसा घालायच्या, छत्री आडवी धरायच्या आणि या चेनच्या बाहेरच्या कडेपासून त्या चेनच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्यायच्या. किती छत्र्या झाल्या ते पुटपुटायच्या आणि मान हलवायच्या. एका मालकानं विचारलंसुद्धा, “बाई, मशीनला झबलं शिवायचंय का?” पोरं खो खो हसली. बाईंवर काही परिणाम नाही. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, बांध अरुंद आहे, त्यावरून जाईल असं बारीक मशीन शोधत असणार. इतकं सोपं होतं ते.

बांध मी बघितलेला होता. एकदा बाई मला जमीन दाखवायला घेऊन गेल्या. डांबरी रस्त्याला स्कूटी लावली. समोर तात्यांची वस्ती, मग त्यांचा कांदा, आणि कांद्याच्या कडेनं तो बांध, जेमतेम पाऊल मावेल एवढा. मी दोनदा घसरले आणि एकदा सरळ कांद्यात गेले. तिथं तात्या स्वतः ठिबकच्या नळ्या तपासत उभे होते, पण चिडले नाहीत हो. उलट हात देऊन मला वर घेतलं. परत येताना बळंबळं वस्तीवर नेऊन ताक दिलं.

“बांधावरनं कवाबी या-जा,” म्हणाले. “मी कदी कुणाला आडवलं न्हाई. काय बाई, आडवलं का कदी?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “कधीच नाही.”

परत येताना मी म्हटलं, माणूस किती चांगला आहे!   नारायणगाव आल्यावर बाई मागून म्हणाल्या, “हो. चांगला आहे. तेच तर अवघड आहे.” मला काही कळलं नाही आणि गाडी चालवताना मागं वळून विचारता येईना. नकाशात तिथं गाडीवाट दाखवलेली आहे, एवढं मात्र त्यांनी त्या दिवशी सांगितलं. कचेरीतही जाऊन आल्या होत्या, पण तिथं ‘आपसात मिटवा’ एवढंच ऐकून घ्यावं लागलं. “कागदावरून मशीन जात नाही,” बाई म्हणाल्या आणि विषय संपवला.

भाचाही काही वाईट नव्हता. आत्यासाठी त्यानं धावपळ केली. एक दिवस त्याचा फोन आला, मी शेजारीच होते. “आत्या, एक नंबर काम झालंय. मिनी पोकलेन मिळतंय. लहान असतं, बांधाच्या कडंकडंनं आरामात जातंय. तात्यांशीपण बोललो, ते म्हणाले खुशाल न्या. आता कुणाच्या पाया पडायला नको.”

मी टाळी वाजवायच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, “नको,” आणि फोन ठेवून दिला.

मला आता खरंच राग आला. उन्हाळा चढत होता, पावसाला किती दिवस राहिले होते? आणि ही बाई दर रविवारी मला उन्हात फिरवून प्रत्येक मशीनला नाकं मुरडतेय! घरी सासूबाई आणि नवरा मिळून मला चिडवायला लागले होते की हिला आता शाळा सोडून ऑपरेटरची नोकरी लागणार. मी ठरवलं, एकच रविवार, नंतर माझी स्कूटी बंद.

त्या रविवारी आळेफाट्याच्या अलीकडं एका रस्त्याच्या कामावर एक पोकलेन उभं होतं. मिनी नाही, मोठं. पिवळं, धुळीनं माखलेलं, बादली जमिनीवर टेकून बसलेलं. मालक तरुण पोरगा. त्यानं आधी काम केलेलं शेत जवळच होतं, तिथंही बाभळीच होत्या. बाईंनी तिथं तासभर घालवला. त्यानं झाडं एकेक करून मुळासकट उपटलेली होती, खड्डे परत वरच्याच मातीनं बुजवलेले होते आणि शेतातलं बोरीचं झाड तसंच ठेवलेलं होतं. बाईंनी विचारलं, बोर कुणी ठेवायला सांगितली? मालक म्हणाला, “कुनी न्हाई. ऑपरेटरला बोरं आवडत्यात.”

मग बाईंनी छत्री काढली. माप घेतलं. परत घेतलं. आणि असं हसल्या की मी त्यांना तसं हसताना शाळेत कधी बघितलं नव्हतं.

“हे पसंत आहे,” म्हणाल्या.

मालकच गडबडला. “बाई, तुमच्या तेवढ्याशा रानाला मिनी पुरंल की. ह्ये ट्रेलरवर घालून आनावं लागंल. वाट कशी हाय तिकडं?”

“चांगली आहे.”

मी त्यांना बाजूला ओढलं. अगदी दंडाला धरून. “बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? त्या बांधावरून कुत्रं नीट जात नाही. हे धूड काय उडत जाणार?”

“रस्त्यानं जाईल.”

“रस्ता आहे कुठं?”

“आहे.”

“कशावरून?” मी म्हटलं.

बाई मोठ्यानं हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण उत्तर दिलं नाही ते नाहीच.

तात्यांचा कांदा निघाला का, हे बाई रोज कुणाला तरी फोन करून विचारत होत्या. लोकांच्या उभ्या पिकाला काडीचा धक्का लागता कामा नये, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. कांदा निघाला, साठवणीच्या अरणीत गेला, शेत मोकळं झालं, नुसत्या ठिबकच्या नळ्या तेवढ्या पसरलेल्या राहिल्या. तेव्हाच पोकलेनला सांगावा गेला.

त्या सकाळी मी शाळेत रजा टाकली. खोटं कशाला सांगू, मदतीला म्हणून नव्हे, मला बघायचं होतं काय होतं ते. डांबरी रस्त्यावर ट्रेलर उभा, त्यावर पोकलेन, आणि पंचक्रोशीतली निम्मी माणसं जमलेली. सगळ्यात पुढं बाई, मागं रजा काढून आलेला भाचा. ऑपरेटर झारखंडचा होता, तो खाली उतरून शेताकडं बघत होता. “माताजी, जाना किधर से है?” त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, “रुको जरा.”

तात्या वस्तीवरून आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पोकलेन बघून थबकले.

“बाई, ह्यो हत्ती कशापायी आनला? भाच्याला म्या सांगितलं व्हतं की, मिनी आना, बांधाच्या कडनं न्या. मी काय आडवा येनार व्हतो का?”

“नसता आलात. म्हणूनच मिनी नको.”

“आता ह्ये काय?”

“तात्या, मिनी वाटेचा विषय न काढता गेलं असतं. काम करून त्याच वाटेनं परत गेलं असतं. तुम्ही काही बोलला नसता आणि आम्हीही काही बोललो नसतो. आजपर्यंत तसंच चाललंय. मला आता तो विषय काढायचाय. माझ्या शेताला रस्ता द्या.”

 ट्रेलरचं इंजिन चालू होतं, ते ड्रायव्हरनं स्वतःहून बंद केलं.

तात्यांचा चेहरा उतरला. चिडले नव्हते, पण चारचौघांत असं तोंडावर कुणी मागेल असं त्यांना वाटलं नसावं. “रस्ता हितं व्हताच कुठं?” ते म्हणाले. “मला समजतंय तवापासनं तर ह्ये रानच हाय. म्या माझ्या डोळ्यानं वाट कदी बगितली न्हाई.”

आता बाई म्हणणार, ‘कशावरून?’ मी वाटच बघत होते. पण बाईंनी विचारलं नाही. म्हणाल्या, “खरंय. तुमच्या डोळ्यांनी नाहीच बघितली. तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल.”

“मंग?”

“व्हती की,” मागून आवाज आला.

वस्तीपुढच्या कडुनिंबाखाली तात्यांची म्हातारी आई मागं उरलेल्या कांद्याच्या पाती कापत बसली होती. विळा खाली ठेवून ती उठली आणि काठी टेकत टेकत आली.

“आये, तू बस तिकडं,” तात्या म्हणाले.

“बसलेच व्हते की इतकी वर्सं.” म्हातारी शेताच्या कडेला येऊन उभी राहिली आणि तिनं काठी उचलून दाखवलं. “त्या कवठीपासनं ह्ये असं सरळ वड्यापातुर गाडीवाट व्हती. ह्यांची मानसं जायाची, आमीबी जायाचो. तुझ्या बानं नांगारली. मी भाकर घिऊन आले तर औत वाटंवर घातलेलं. म्हनलं, आवं, लोकांची वाट हाय ती, कशापायी नांगारता? तर म्हनले, त्येंच्याकडं गाडी कुठं हाय? गाडी न्हाई तर गाडीवाट काय करायचीय?”

 मी बाईंकडं बघितलं. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता.

“माझ्या वडलांनाही हेच उत्तर मिळालं होतं,” त्या म्हणाल्या. “ते काही बोलले नाहीत. गाडी खरंच नव्हती आमच्याकडं.” मग त्यांनी ट्रेलरवरच्या त्या पिवळ्या धुडाकडं हात केला. “तात्या, आता गाडी आणलीय.”

तेव्हा कुठं मला कळलं, छत्री कशाचं माप घेत होती ते. त्यांना बारीक मशीन नकोच होतं, रुंदातलं रुंद पाहिजे होतं. ज्याला बांध पुरणारच नाही, ज्याला जायला अख्खी वाटच लागेल, असं. आणि मी येडी इतके रविवार उलटंच समजत होते!  मी नाक ओढायला लागले, तर शेजारचा माणूस म्हणाला, “धूळ लई हाय, म्याडम.”

 तात्यांनी पोकलेनकडं बघितलं, आईकडं बघितलं, उगीचच माझ्याकडंही बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं बोलणार. घोळक्यातल्या एकानं मध्ये तोंड घातलं, “तात्या, मोजनी आना, असं कुनीबी सांगंल—” तर म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो मागच्या मागं सरकला.

“बापाचं कुनी उकरून काडतं का, आये,” तात्या हळूच म्हणाले.

“म्या न्हाई काडलं. तिनं इचारलं, म्या सांगितलं. मी गेल्यावर कुनाला इचारनार व्हती ती?”

तात्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं, परत बांधला. “नळ्या तरी काडू द्या,” म्हणाले. “चेनखाली आल्या तर पार भुगा हुईल.”

आणि वाकून ठिबकच्या नळ्या गुंडाळायला लागले. हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. बाईंनी पदर खोचला, दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिकडून त्याही गुंडाळायला लागल्या. मग मीही वाकले, भाचा धावत आला, घोळक्यातली चार माणसं आली. म्हातारी तोपर्यंत काठीनं जमिनीवर रेघ ओढत कवठीपासून पुढं निघाली होती. नळ्या निघाल्या, पोकलेन ट्रेलरवरून खाली उतरलं आणि म्हातारीच्या मागं मागं, तिच्याच चालीनं, हळूहळू शेतात शिरलं. ऑपरेटर वरून ओरडत होता, “दादी, बाजू हटो!” ती कसली हटतेय. पार ओढ्यापर्यंत गेली.

पुढं काय झालं, ते लोक मला अजून विचारतात. बाभळी निघाल्या. पाऊस वेळेवर पडला, हुलगे पेरले. हुलगे काही फार बरे आले नाहीत, हेही सांगते. बाईंनी शाळेत सगळ्यांना पिशवी पिशवी पाठवली, त्यात हुलग्यांपेक्षा खडे जास्त होते. आमच्या सासूबाई निवडता निवडता माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. भाच्यानं विकायचं नाव परत काढलं नाही. तात्यांचा ट्रॅक्टर त्याच वाटेनं ओढ्याकडच्या त्यांच्या रानात जातो, आधी त्यांनाही गावाला वळसा पडायचा. बाई आता तिकडंच पत्र्याची खोली बांधून राहतात. मी फोन केला तर “कामात आहे” म्हणून ठेवून देतात. तरी मी करते.

पण हे सगळं नंतरचं. माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ती त्या दिवशीची संध्याकाळ. पोकलेन शेतातच लावून ऑपरेटर हातपाय धुवायला ओढ्यावर गेला होता. आम्ही दोघी परत डांबरी रस्त्याकडं निघालो. कांद्याच्या मोकळ्या रानातून चेनच्या खुणा सरळ उमटलेल्या, मध्ये ढेकळं. बाई पुढं आणि सवयीनं मी मागं. बाई मागं न बघता बोलत होत्या.

“आमच्या घरात बोलणं असंच व्हायचं बघ,” त्या म्हणाल्या. “वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा पुढं, त्यांच्या मागं आई, आईच्या मागं मी, माझ्या मागं भाऊ. बांधावर दुसरं काय करणार? आईला काही सांगायचं असलं तर ती दादांच्या पाठीला सांगायची. ऐकलं की नाही ते तिला कधी कळायचं नाही, कारण तोंड दिसायचं नाही. जन्मभर शेताला बरोबर गेली ती दोघं, पण शेजारी शेजारी कधी चालली नाहीत.”

 मी त्यांच्या पाठीला हं म्हटलं.

बाई थांबल्या. मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि वर्गातल्या पोरावर ओरडावं तशा ओरडल्या.

“आणि तू काय मागं मागं चालतेस अजून? शेजारी ये की!”

मी पुढं होऊन त्यांच्या शेजारी गेले. आम्ही दोघी चालायला लागलो, तरी बाजूला जागा उरत होती.